ठळक

ग्रामपंचायत बोरटोल्याच्या मेलपेटीत
आज सकाळी तीन हजार एकशे बेचाळीस.
म्हणजे न वाचलेले. एकूण किती, ते सांगणारं पान उघडतच नाही,
टॉवर डोंगरापलीकडे आहे.

मेलचं पान सरकारी, जुनं.
एका पानावर पंचवीस ओळी,
वाचलेलं न वाचलेलं एकाच बांधीत उभं.
फरक एवढाच, की न वाचलेलं थोडं ठळक.
आणि हा मॉनिटर धुरकट,
ठळक काय, बारीक काय, त्याला सारखंच.

करगा असाच उभा असतो.
धानासारखाच हिरवा, धानाइतकाच गरीब तोंडाचा,
लोंबी येईस्तोवर कळू देत नाही.
आईनं एका वर्षी जांभळ्या पानाचं धान पेरलं होतं.
मग हिरवं दिसेल ते उपटायचं, बस्स.
शेजारची यशोधरा काकी बांधावरून ओरडली होती,
"तुमच्या बांधीत शाई सांडली का वो?"

हे मी दुर्वासला सांगितलं.
दुर्वास कापगते, लाईनमनचा पोरगा,
साकोलीला आयटीआय करून आलेला,
सध्या पानठेल्यावर लोकांचे अर्ज भरून देतो.
म्हणाला, "मॅडम, जांभळंच करून टाकू."

ब्राउझरला त्यानं एक ठिगळ लावलं.
अकरा ओळी.
मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते, इंग्रजीच, पण समजत होतं:
पान उघडलं की थांब.
एकेका ओळीपाशी जा.
ठळक आहे? रंगव.
नाही? लपव.
काहीच उरलं नाही तर पुढच्या पानावर जा,
कोणी सांगायची वाट नको पाहू.

ही शेवटची ओळ मला
पंचायतीत नोकरी करणारी म्हणून फार आवडली.

पहिल्यांदा चाललं नाही. एक कंस उघडा राहिला होता.
दुसऱ्यांदा सगळंच लपलं,
पांढरीशुभ्र पेटी, दोन मिनिटं मी सुखात.
तिसऱ्यांदा लाईन गेली.
चहा झाला. लाईन आली.
पान जांभळं झालं.

शौचालयांचा तक्ता, तात्काळ.
शौचालयांचा तक्ता, अतितात्काळ.
त्याच तक्त्याचं शुद्धिपत्रक.
चार वर्षांपूर्वीच्या योग दिनाचे फोटो, आजच पाठवा.
हरवलेल्या म्हशीची चौकशी, दुसऱ्याच जिल्ह्यातली,
म्हैस आतापर्यंत सापडली असावी.
आठवडाभर मी निंदत बसले.
तीन हजारांचे नऊशे, नऊशेचे चाळीस,
शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी शून्य.
सरपंचांनी खिडकीतून डोकावून पाहिलं,
"बंद पडलं का?"

शनिवारी दामिनी टेंभुर्णे आली. सायकल भिंतीला टेकवली.
"मॅडम, मी मेल केला होता. जूनमध्ये.
मला पहिली वेलांटी पाहिजे, दाखल्यावर दुसरी आहे."

जांभळ्यात नव्हता.
जांभळं काही उरलंच नव्हतं.
ठिगळ बंद केलं, तेव्हा सतराव्या पानावर दिसला,
बारीक अक्षरांत, उघडलेला.
उघडणार कोण, मीच.
त्या वेळी खिडकीशी कोणी आलं असेल.
किंवा आलं नसेल.

दुर्वासला विचारलं, याला कोणता रंग?
त्यानं कीबोर्डवरची धूळ फुंकली, उगीच.
"हे नाही धरता येत, मॅडम.
उघडलं म्हणजे वाचलं, एवढंच समजते त्याले."

वेलांटी अलीकडे आणली.
सही, शिक्का. प्रिंट निघेपर्यंत दामिनी उभीच होती,
मग कागदावर एकच जागा पाहिली आणि गेली.

मी दार अर्धं लोटलं.
पान सतरा. पान अठरा.
बारीक ओळी एकेक उघडून,
आता खरंच वाचून,
काहींवर खूण करत गेले: न वाचलेले.
पेटीवरचा आकडा एक झाला, मग चार,
संध्याकाळी एकोणीस.

सोमवारी दुपारी दोनशे सहा.
सरपंच खिडकीशी थांबले,
जांभळ्या उजेडात डोळे बारीक केले.
"झालं वाटते सुरू."